तिळाच्या लाडवातली मोटार

"दोन माणसांची गाडी!" बाईसाहेबांचा आवाज माजघरातून निघाला तो थेट मोटारखान्यापर्यंत आला. "तुम्ही बसलात, अच्युत बसला, मग मी कुठे बसायचं? मागे स्टेपनीवर?"

मोटारखान्याच्या मागच्या खोलीत गंगूबाई मटार सोलत होती. तिचा हात थांबला. स्नेहलतागंजातल्या रणनवऱ्यांच्या घरात नवराबायकोचा आवाज असा बाहेर येत नसे. आला की समजावं, आत काहीतरी फुटलं आहे.

"तुम्हाला कधी बसायचं होतं तिच्यात?" हे अप्पासाहेब.

"मला नाहीच बसायचं. माझं पोर दोन पायांवर घरी यायला हवंय, एवढंच मागणं आहे. काल बड्या गणपतीच्या वळणावर टांग्याला धडकला. घोड्याचा पाय मोडला. उद्या कुणाचा मोडेल?"

"टांगेवाल्याची भरपाई झाली. अठराचं पोर आहे. त्या वयात आम्ही घोडे फेकत होतो."

"घोड्याला अक्कल असते हो. समोर भिंत दिसली की तो थांबतो. ही थांबते का?"

गंगूबाईला हसू आलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"गाडी ह्या घरात राहील आणि चालेल," अप्पासाहेब म्हणाले. "विषय संपला."

"राहू दे की," बाईसाहेब म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता आणि म्हणून जास्तच स्पष्ट ऐकू आला. "चालते कशी, ते मी बघते."

मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा होता. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूरची माणसं रुसलेली होती, आणि रणनवऱ्यांसारखी होळकरांच्या पदरची जुनी घराणी तर आधीपासूनच रुसलेली. पागा रिकामी झाली, घोडे विकले, तबेल्यात गवऱ्या ठेवायला लागले. अप्पासाहेबांचा एकच शौक उरला होता, ही एम.जी. नावाची विलायती गाडी. हिरव्या रंगाची, उघड्या छपराची, दोन सीटांची. महूच्या छावणीतला एक गोरा साहेब मायदेशी परत जाताना विकून गेला होता. तिचा ड्रायव्हर आणि मिस्त्री, दोन्ही एकच, गंगूबाईचा नवरा तुकोजी.

ह्या घरात खंडेनवमीला तलवारी, भाले पुजायचे. आता तलवारी गंजल्या तरी नेम गंजू द्यायचा नाही म्हणून त्यांच्या शेजारी मोटारीलाही मान मिळाला. अख्खी मोटार देवघरात नेता येत नाही, म्हणून तुकोजी तिचे बारके पुर्जे हातानं सोडवायचा. इंजिनाला हवा-पेट्रोल पाजतात त्या दोन भांड्यांवरच्या षटकोनी पितळी टोप्या. पुढची काच पाडायचे कानवाले नट. आणि एक काळा, सुपारीएवढा रोटर, त्याच्या डोक्यावर पितळेची पट्टी. "हा काढून खिशात टाकला की गाडी मेली," तुकोजी म्हणायचा. मांडूला गेलं की तो हाच काढून खिशात ठेवी आणि बिनघोर झोपे.

पितळ गंगूबाई चिंचेनं घासायची. मग बाईसाहेब तबकात मांडून त्यांना हळदकुंकू वाहायच्या. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तुकोजी सगळं परत बसवायचा. कुठे काय बसतं आणि हातानं कसं निघतं, हे बाईसाहेब खिडकीत उभ्या राहून दरसाल बघत. एवढ्या बघण्यातून त्या काय शिकल्या, ते तेव्हा कुणालाच कळलं नाही.

भांडणानंतर चार दिवसांत तुकोजीला देपालपुरच्या शेतावर धाडलं. गव्हाला पाणी द्यायचं इंजिन बिघडलं होतं. तो हिवाळाभर तिकडेच राहिला, आणि गाडीवर ताडपत्री चढली.

मग संक्रांत आली. रणनवऱ्यांकडे संक्रांतीला गुप्तदानाचे लाडू असत. तिळाच्या मोठ्या लाडवात चांदीची चवली घालायची आणि हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीच्या ओटीत तो घालायचा. देणारीनं सांगायचं नाही, घेणारीनं बोलायचं नाही. निघालं ते देवघरात ठेवायचं. एरवी लाडू गंगूबाई आणि बाईसाहेब मिळून वळत. त्या वर्षी तीळ भाजून झाले, गुळाचा पाक उतरला, आणि बाईसाहेब म्हणाल्या, "गंगू, तू जा, सुगडं घेऊन ये. हे मी एकटी वळते."

"हात भाजतील, बाईसाहेब."

"भाजू देत. आज भाजायलाच हवेत."

गंगूबाईला ते बोलणं विचित्र वाटलं, पण ती सुगडं आणायला गेली. संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या सवाष्णी येऊन गेल्या. त्यात रेल्वेतल्या, गिरणीतल्या कारकुनांच्या बायकाही होत्या. गंगूबाईच्या लाडवात नेहमीसारखी चवली निघाली. कुणाची म्हणे दाढ हलली, पण गुप्तदान ते, दाढ धरून गप्प बसली बिचारी.

माघात बाईसाहेबांना मुदतीचा ताप आला. डॉक्टर आले, वैद्य आले, तुकोजीला देपालपुराहून बोलावलं. तो पोचला तेव्हा अंगणात तिरडी बांधत होते.

पाडवा उलटला आणि अप्पासाहेबांनी ताडपत्री काढायला सांगितली. गाडीचे डोळे उघडे होते, पण आतून ती लुटलेली. टोप्या नाहीत, काचेचे नट नाहीत, रोटर नाही. तुकोजी पांढरा पडला. अंगणात कारभारी होता, शेजारची माणसं होती, अच्युत होता. अप्पासाहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "तुकोजी, मागितलं असतं तर दिलं असतं."

एवढंच. पोलिस नाही, पंचनामा नाही. तुकोजीनं किल्ली बॉनेटवर ठेवली आणि दुपारपर्यंत खोली रिकामी केली. गंगूबाई मात्र जाताना बोलली. "अप्पासाहेब, ह्यांनी तुमच्या गाडीचा नट कधी खिशात टाकला असेल तर तो तुमच्यासाठी राखायला. विकायला नाही." अप्पासाहेबांनी मान वळवली.

चोर म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला इंदूरात मोटार कोण देतो? तुकोजी गिरणीत कापसाचे गठ्ठे फोडायला लागला. गिरणीमागच्या चाळीत एक खोली मिळाली. कामावरून येताना स्नेहलतागंजाचा रस्ता जवळचा, पण तो नेहमी लांबून वळसा घालून यायचा. बारा वर्षं वळसा घालून आला. पायांना सवय झाली, मनाला झाली नाही. छातीत कापूस भरला, खोकला राहायला आला तो गेलाच नाही.

गंगूबाईनं वाती वळायला घेतल्या. लांब वाती, फुलवाती, देवाची कापसाची वस्त्रं. दर गुरुवारी टोपली घेऊन ती मराठी घरांमधून फिरायची. बड्या गणपतीपासून स्नेहलतागंजापर्यंत सगळ्या देवघरांना तिच्या वाती. फक्त रणनवऱ्यांच्या फाटकापाशी ती पदर पुढे ओढायची आणि पुढच्या घरी जायची. नवरा एका बाजूनं टाळायचा, बायको दुसऱ्या बाजूनं. घर मात्र मधोमध होतंच.

मग एका भाद्रपदात, अच्युत त्यांच्या चाळीत आला. आता तो तिशीचा, बँकेत नोकरीला, डोळ्यांवर चष्मा. टांग्याच्या घोड्याला धडकणारं पोर कुठेतरी मागे राहिलं होतं. गाडी बंद पडली त्या वर्षापासून त्यानं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आता लग्न ठरलं होतं, मंजिरी नावाची धारची मुलगी.

"तुकोजी, मी गाडी पुन्हा उभी करतोय," तो खाटेच्या कडेवर बसत म्हणाला. "बाबा आजकाल बोलतच नाहीत. गाडी चालू झाली तर बोलतील असं वाटतं. इंजिन खोललं, रंग केला, सीटा शिवून घेतल्या. पण त्या बारक्या पुर्ज्यांवर अडलोय. मुंबईच्या भंगारात शोधलं, महूच्या कबाड्यांकडे शोधलं, विलायतेला पत्रं टाकली. लेथवर करून घेतलं तर बसत नाही. लेथवाला म्हणतो, भिया, सिर एक देस का, चूड़ी दूसरे देस की, मैं क्या करूं!"

"बरोबर बोलतो तो," तुकोजी म्हणाला. "डोकं इंग्रजी मापाचं असतं, आटे वेगळ्या मापाचे. बाहेरून बघून केलं तर फसतं. जबरदस्तीनं पिळू नका, भांडंच चिरेल."

अच्युत खाटेवर जरा पुढे सरकला. मग तो जे बोलला ते बोलायलाच आला होता. "तुकोजी, रागावू नका. तेव्हा ते पुर्जे… कुठे दिलेत, एवढं सांगितलंत तर मी तिथून शोधीन. मी कुणाला काही म्हणणार नाही. जुनी गोष्ट आहे."

तुकोजीला खोकल्याची उबळ आली. गंगूबाईनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला आणि अच्युतकडे वळली.

"अच्युतराव, तुम्ही लहान असताना माझ्या हातची भाकरी खाल्लीत, म्हणून उंबऱ्याच्या आत बसला आहात. चहा प्या आणि जा. जुनी गोष्ट तुमची जुनी झाली असेल. आमच्या घरात ती रोज ताजी वाढली जाते."

तो गेल्यावर तुकोजी म्हणाला, "पोराला कशाला बोललीस? ते गोड बोलायलाच आलं होतं."

"गोडच बोललं. म्हणून जास्त लागलं."

त्यानंतरच्या एका गुरुवारी इंदिराबाईंकडे ती वाती द्यायला गेली. इंदिराबाई रेल्वेतल्या कारकुनाची बायको, बोलकी, घर नेहमी माणसांनी भरलेलं. त्या दिवशी त्यांच्या कमरेत लचक भरली होती. "गंगूबाई, तेवढी निरांजनात वात तुम्हीच घाला, मला वाकवत नाही," त्या म्हणाल्या. गंगूबाई देवघरापुढे बसली. बाळकृष्णासमोर अक्षता ठेवायला एक चिमुकली पितळी वाटी होती. बाहेरून षटकोनी, आतून आटे.

तिनं ती उचलली. तिला नाव आठवावं लागलं नाही. दरसाल चिंचेनं घासलेली वस्तू, बोटांनीच ओळखली.

"इंदिराबाई, ही वाटी कुठली हो?"

इंदिराबाई एकदम सावध झाल्या. "असंच… देवाचं आहे ते. त्याचं बोलत नाहीत."

"नका बोलू. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. फक्त सण सांगा."

"संक्रांत."

"तिळाच्या लाडवातून?"

इंदिराबाईंनी तोंडावर हात ठेवला. आणि मग त्यांनाच राहवलं नाही. "माझी दाढ हलली होती हो! मी म्हटलं, बाईसाहेबांनी चवलीऐवजी वाटी दिली, काहीतरी नवस असेल. त्या नंतर गेल्याच. मग तर ती जास्तच जपली."

गंगूबाईनं वाटीत अक्षता परत भरल्या, वात लावली, आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. भांडणातलं ते शेवटचं वाक्य बारा वर्षांनी तिच्यापाशी परत आलं. चालते कशी, ते मी बघते.

त्या संध्याकाळी तिनं तुकोजीला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, भाकरी हातात तशीच.

"बाईसाहेबांनी?"

"हो. लाडवांत घालून सगळ्या गल्लीला वाटले. मला तेवढी चवली दिली. त्यांना कळत होतं, आपल्या घरात पुर्जा निघाला तर काय होईल ते. संक्रांत झाली की सांगणारही असतील नवऱ्याला. तापानं वेळ दिला नाही."

तुकोजीनं भाकरी खाली ठेवली. "मग चांगलं केलं त्यांनी. गाडी बंद पडली म्हणून पोर वाचलं. गंगू, हे कुणाला सांगू नकोस. गेलेल्या माणसाचं नाव आहे. चोरी बाईसाहेबांनी केली असं लोक म्हणतील."

"आणि जित्या माणसाचं नाव?"

त्यानं ताट बाजूला सारलं. खोकलाही आला नाही त्याला. गंगूबाईला त्या शांततेची भीती वाटली. ह्या माणसाला डॉक्टरनं आणखी फार पावसाळे दिले नव्हते, आणि तो चोर म्हणूनच जायला तयार होऊन बसला होता.

पुढे काय करायचं, ह्याचा विचार वाती वळता वळता झाला. ती स्वतः पितळ घेऊन गेली, तर माणसं म्हणतील, चोरी परत आली, म्हातारपणी पापाला भ्यायले. नुसतं तोंडानं सांगितलं तर कोण ऐकणार? आणि सवाष्णींकडून वाण परत मागायचं नसतं, तो तर अपमान. पण मिळालेलं वाण पुढे दुसऱ्या सवाष्णीला द्यायला कुणाची ना नव्हती. फक्त रणनवऱ्यांच्या घरात बाईसाहेबांमागे सवाष्णच उरली नव्हती.

आता ती येणार होती. मार्गशीर्षात अच्युतचं लग्न झालं. नव्या नवरीची पहिली संक्रांत, काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, आणि गल्लीतली प्रत्येक बाई वाण घेऊन जाणार.

गंगूबाई टोपली घेऊन फिरली. ज्या देवघरात पितळ दिसलं तिथे जरा जास्त वेळ बसली. एका घरात कानवाला नट गरुड म्हणून विष्णूच्या पायाशी उभा होता. दुसऱ्या टोपीत अष्टगंध उगाळून ठेवलेलं होतं. ती कुणालाही विचारत नव्हती. फक्त म्हणायची, "रणनवऱ्यांची सून आलीय, पोरकं घर पुन्हा भरलं. तिला काय देणार आहात? घरचं घरी गेलं तर देवही हसेल." इंदिराबाईंना एवढं पुरलं. आणि इंदिराबाईंना पुरलं म्हणजे गल्लीला पुरलं.

एक घर राहिलं. प्रमोदिनीबाईंचं. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांच्या देवघरात शाळिग्रामाशेजारी एक काळा देव होता, कपाळावर पितळी पट्टीचं गंध. रोज चंदन लागून तो गुळगुळीत झाला होता. गंगूबाईनं त्याला ओळखलं आणि हात जोडले. रोटरला हात जोडणारी ती इंदूरातली पहिली बाई नव्हती, प्रमोदिनीबाई तर त्याला रोज अभिषेक घालत होत्या.

"तुम्ही सगळ्यांना काय सांगत फिरताय, ते कळलं मला," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "पण मला हळदीकुंकवाला कोण बोलावणार? आणि हा माझा देव आहे. आमचे हे गेले त्या दिवशीही मी ह्याला धरूनच बसले होते."

"राहू द्या, बाई. देव कुणी मागत नाही."

गंगूबाई उठली. मनात म्हणाली, एवढा एक राहिला तर राहू दे.

संक्रांतीला रणनवऱ्यांच्या दिवाणखान्यात मंजिरी हलव्याचे दागिने घालून बसली. बायका येत गेल्या, ओटी भरत गेल्या, ओटीत तिळाचे लाडू पडत गेले. गंगूबाई गेली नाही. ती घरी तुकोजीची छाती शेकत बसली होती. तिथे काय झालं ते इंदिराबाईंनी नंतर इतक्यांदा सांगितलं की गंगूबाईला ते स्वतःच पाहिल्यासारखं झालं.

रात्रीच्या जेवणाआधी, इंदिराबाई आणि चार बायका अजून बसलेल्या असतानाच, मंजिरीनं सासऱ्यांना लाडू दिला. अप्पासाहेबांनी तो फोडला, आणि मधून पितळी टोपी निघाली. त्यांनी ती तबकात ठेवली. दुसरा फोडला, नट. तिसरा फोडला, दुसरी टोपी. मंजिरी घाबरली, तिला वाटलं सासरची काहीतरी थट्टा आहे. अच्युत उभाच राहिला. अप्पासाहेबांनी ते पुर्जे तबकात मांडले, खंडेनवमीला मांडत तसे, आणि त्यांच्याकडे बघत राहिले. ही मांडणी ह्या घरात एकाच बाईच्या हातची होती.

तेवढ्यात फाटकापाशी कुणी हाक मारली. प्रमोदिनीबाई होत्या, बाहेरच उभ्या, पांढऱ्या लुगड्यात. अप्पासाहेब स्वतः गेले.

"मी आत येत नाही," त्या म्हणाल्या. "हे घ्या." ओंजळीत चंदन लागलेला काळा रोटर होता. "बारा वर्षांपूर्वी बाईसाहेबांनी माझ्या ओटीत लाडू घातला, त्यातून निघाला. वाणाचं बोलू नये हा नेम सवाष्णींचा. माझा तो सुटलाय, म्हणून मी बोलते. आत ज्या बसल्या आहेत त्या बोलणार नाहीत. हे सगळं तुमच्याच घरातून, तुमच्याच बायकोच्या हातून आमच्याकडे आलं. तुकोजीनं काही नेलं नाही."

अप्पासाहेबांनी ओंजळ पुढे केली. "तुमचा देव्हारा रिकामा होईल."

"शाळिग्राम आहे. तो एकटा राहू शकतो. माणसाला ते जमत नाही."

दुसऱ्या दिवशी अप्पासाहेब चाळीत आले. पायी, काठी टेकत. चाळीतली पोरं मागे लागली, एक म्हणालं, "दादाजी, किसके घर जाना है?" अप्पासाहेबांना ते घर माहीत नव्हतं. बारा वर्षांत त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं.

तुकोजी उठून बसायला लागला.

"पडा," अप्पासाहेब म्हणाले.

"बसा, साहेब," गंगूबाई म्हणाली. "खुर्ची एकच आहे आणि ती मोडकी. बाकीचे उभे राहतील. दोन माणसांच्या गाडीवाल्यांना सवय असेल."

अप्पासाहेब बसले. त्यांनी खिशातून किल्ली काढून खाटेवर ठेवली. "तुकोजी, मी त्या दिवशी जे बोललो…"

"त्या टोप्या हातानंच बसवा म्हणावं अच्युतरावांना," तुकोजी घाईघाईनं म्हणाला. "पान्हा लावू नये. आणि रोटरचं चंदन नीट पुसा, नाहीतर ठिणगी मारणार नाही."

"तुकोजी."

"हो, साहेब."

"मी चुकलो."

तुकोजीनं भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. खोकला होता की काय, ते गंगूबाईनं पाहिलं नाही, बघायचंही नव्हतं. तिचं मात्र एवढ्यावर भागणार नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "खोलीत बोललात, आम्ही ऐकलं. पण तेव्हाचं ते अंगणात बोलला होतात. चार माणसांत. आता हे कुठे बोलायचं, ते तुम्हीच ठरवा."

अप्पासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "रविवारी येता?"

रविवारी तुकोजी बारा वर्षांनी जवळच्या रस्त्यानं गेला. गंगूबाईनं धरून नेलं. अंगणात तीच माणसं होती, जी उरली होती ती. अप्पासाहेब पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या घरात चोरी झाली नव्हती. मी एका प्रामाणिक माणसाला चोर ठरवलं. तुम्ही सगळे तेव्हा होतात, म्हणून आज बोलावलं." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कारभारी पागोटं काढून उभा राहिला.

एक नट आलाच नाही. ज्यांच्या लाडवात तो गेला ते बिऱ्हाड कधीच जबलपूरला बदलून गेलं होतं. लेथवाल्यानं केलेला नट त्या जागी बसला, पण थोडा वाकडा. मोटार पहिल्यांदा फुरफुरली, मग बंद पडली, मग तुकोजीनं टोप्यांवर तळवा ठेवून दोन शब्द काहीतरी पुटपुटल्यावर चालू झाली. अप्पासाहेबांनी बाजूचं दार उघडलं. "गंगूबाई, बसा."

"मी?"

"ही जागा कुणाची होती, ते मला उशिरा कळलं," ते म्हणाले. "तिला नाही बसवता आलं. तुम्ही बसा."

गंगूबाई बसली. तुकोजीनं गाडी फाटकातून बाहेर काढली, बड्या गणपतीच्या त्या वळणापर्यंत हळूहळू नेली आणि परत आणली. सगळ्या रस्त्यात तो एकच वाक्य बोलला. "भीती वाटतेय का?"

"वाटतेय," ती म्हणाली. "पण थांबू नका."

पुढच्या पावसाळ्यात तुकोजी गेला. तिरडीला पहिला खांदा अप्पासाहेबांनी दिला. गिरणीतली माणसं म्हणाली, साहेब, तुमचं वय झालंय, राहू द्या. ते म्हणाले, "माझाच खांदा द्यायचा राहिला होता." आणि कोपऱ्यापर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

गंगूबाई त्यानंतर बरीच वर्षं वाती वळत राहिली. तिला आता हळदीकुंकवाला कुणी बोलावत नसे. तिच्या वाती मात्र सगळ्या देवघरांत जात, रणनवऱ्यांच्याही. प्रमोदिनीबाईंच्या घरी ती जास्त वेळ बसायची. तिथे शाळिग्रामाशेजारी जागा रिकामीच होती आणि ती तशीच रोज पुसली जायची.

तिच्या आयुष्यातल्या शेवटच्या गुरुवारीही तिनं नेहमीसारखी टोपली भरली. गुडघे दुखत होते, म्हणून अर्धा तास उशीर झाला. रणनवऱ्यांच्या पायरीवर तिनं वातींची पुडी ठेवली, फुलवाती वेगळ्या, लांब वाती वेगळ्या.

"गंगूबाई, चहा घेऊन जा ना!" मंजिरीनं आतून हाक मारली.

"नको गं पोरी. इंदिराबाईंची समई खोळंबली असेल. त्या बोलून बोलून वेळ काढतात, पण देव थांबत नाही."

मग ती मोटारखान्याकडे वळली. वाती वळून उरलेल्या कापसाचा एक बोळा ती दर गुरुवारी तिथे ठेवायची, टोप्या पुसायला. तिनं ताडपत्रीचा कोपरा वर केला, बोळा बॉनेटवर ठेवला, वाकडा नट एका बोटानं चाचपून पाहिला. ताडपत्री खाली ओढली. दाराची कडी लावली, ती नीट लागली की नाही ते एकदा ओढून पाहिलं. आणि टोपली कमरेवर घेऊन इंदिराबाईंच्या घराकडे चालू लागली.